मौन हेही उत्तरच

चि. सोनूस,

उत्तर येत नसलं तरी वाट पाहत राहणं म्हणजेच निष्ठा का, असं तू विचारलंस. मला तसं वाटत नाही. का, ते पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ या चित्रपटावरून सांगते. २०२४ साली कान महोत्सवात त्याला ‘ग्राँ प्री’ मिळालं. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट ३० वर्षांनी पोचला होता. तू मात्र तो प्रभासाठी बघ. केरळातून आलेली ही नर्स मुंबईत राहते. लग्न घरच्यांनी ठरवलेलं. नवरा लगेच जर्मनीला गेला आणि आता वर्ष उलटलं तरी त्याचा फोन नाही. एक दिवस घरी जर्मन बनावटीचा राइस कुकर येतो. सोबत चिठ्ठी नाही. रात्री स्वयंपाकघरात जमिनीवर बसून ती त्या कुकरला मिठी मारते. त्या कुकरमध्ये नवऱ्याची माया आहे की नाही, हे तिला कळायला मार्ग नाही. दिसते ती तिचीच माया. माणूस बोलेनासा झाला की आपण वस्तूंना बोलतं करतो. तू जुने मेसेज पुन्हा पुन्हा वाचतेस, तेही त्यातलंच.

तू म्हणशील, आपल्याकडे विरहाला केवढा मान! पण विरहात दोन्हीकडे ओढ असते. एकटीच्या ओढीला विरह म्हटलं की आपण स्वतःलाच फसवतो, आणि त्याची किंमत इतरही मोजतात. प्रभाच्या खोलीत राहणारी अनू शियाझ नावाच्या तरुणावर प्रेम करते, तेव्हा प्रभा तिला टोचून बोलते. स्वतःचं सुख कुलपात ठेवलं की दुसऱ्याचं सुख खुपू लागतं. याउलट डॉक्टर मनोज. त्याचं प्रभावर प्रेम आहे. तो तिला कविता देतो, धीर करून विचारतो आणि ती विवाहित असल्याचं सांगते तेव्हा बाजूला होतो. त्याचं प्रेम त्यामुळे उणं ठरत नाही.

मग नवऱ्याची रिकामी जागा मैत्रीने भरते का? नाही भरत, आणि चित्रपटही तसं म्हणत नाही. कागदपत्रं नाहीत म्हणून प्रभाच्या मैत्रिणीला, पार्वतीला, मुंबईतलं घर सोडावं लागतं; तिला रत्नागिरीकडच्या गावी पोचवायला प्रभा आणि अनू जातात. तिथे बुडताना वाचवलेल्या परक्या माणसात प्रभाला नवरा दिसतो, आणि आता पुन्हा भेटायचं नाही, असं ती त्याला सांगते. नवरा परतत नाही, डॉक्टरही नाही. पण त्याच रात्री समुद्रकाठी ती अनूला म्हणते, शियाझला बोलव. इतके दिवस दाराकडे लागलेले डोळे शेजारी बसलेल्या मुलीकडे वळतात.

म्हणून तू ज्याची वाट पाहतेस, त्याला एकदाच, सरळ शब्दांत विचार. उत्तर आलं नाही, तर तेच उत्तर समज. रडू येईल, येऊ दे. फक्त त्या दिवशी एकटी जेवू नकोस.

तुझी,
मावशी