सूर्य बुडाला म्हणून पिशवी आवरू नका

जूनमध्ये जर्मनीत कोलोनला पुतणीकडे गेलो होतो. तिथल्या कॅथेड्रलचा सूर्यास्ताचा फोटो काढायचा, हे पुण्याहून निघतानाच ठरलेलं. तिकडे त्याला ‘डोम’ म्हणतात. नावावर जाऊन घुमट शोधू नका. आहेत ते १५७ मीटर उंचीचे दोन सुळके. काम १२४८ मध्ये सुरू झालं आणि १८८० मध्ये संपलं. मध्ये काही शतकं तर ते बंदच होतं. म्हणजे आपल्याकडचंच म्हणायचं!

पहिल्या संध्याकाळी ऱ्हाईनवरच्या होहेनत्सोलर्न पुलावर गेलो. रुळांच्या कडेला पायवाट आहे आणि जाळीला प्रेमिकांनी अडकवलेली असंख्य कुलपं. तिथेच ट्रायपॉड उभा केला. पाणी मऊसूत यावं म्हणून शटर अर्ध्या सेकंदावर ठेवलं. सूर्य बुडाला तो पार उजवीकडे, डोमपासून लांब. उन्हाळ्यात तिकडे तो आपल्यापेक्षा कितीतरी वायव्येला सरकतो. पुलाच्या पूर्व टोकावरून तो डोमच्या पाठीशी हवा असेल, तर मार्च किंवा सप्टेंबरची अखेर गाठावी लागते. हे मी घरून निघण्याआधी बघायला हवं होतं. नकाशावर दिशा दाखवणारी ॲप्स फुकट मिळतात.

चाळीसेक फोटो झाले, पिशवी आवरली.

“काका, एवढ्यात निघालात?”

“अगं, मावळला की तो!”

घरी लॅपटॉपवर बघतो तर डोम म्हणजे काळा ठोकळा. कॅमेऱ्याने उजळ आकाशाचं माप घेतलं आणि आधीच काळवंडलेला दगड अंधारात गडप झाला. मोठं करून पाहिलं तर सुळक्यांना दोन-दोन कडा. त्या पुलावरून दिवसाला हजाराहून जास्त रेल्वेगाड्या जातात आणि प्रत्येक गाडीला पूल थरथरतो. पायांना ते जाणवत होतं, पण मी लक्ष दिलं नाही. ट्रायपॉड कितीही महागाचा असो, खालची जमीनच हलली तर तो काय करणार?

दुसऱ्या दिवशी पूल सोडला. पलीकडे डॉइट्झच्या काठाला घाटासारख्या रुंद पायऱ्या आहेत, तिथे मुक्काम ठोकला आणि सूर्य गेल्यावरही हललो नाही. आपल्याकडे वीस-पंचवीस मिनिटांत काळोख पडतो. तिथे जूनमध्ये संधिप्रकाश पाऊण तास रेंगाळतो. अर्ध्या तासाने आकाश गर्द निळं झालं, डोमवरचे दिवे लागले आणि दोन्ही उजेड एका पातळीवर आले. मग कसलीच करामत करावी लागली नाही. काल ठोकळा दिसलेल्या दगडात जाळीदार नक्षी, कमानी, टोकावरचे बारीक कोंब, सगळं सुटं दिसत होतं. डावीकडे ग्रोस सांक्ट मार्टिन चर्चचा मनोरा, उजवीकडे पुलाच्या कमानी. अख्खं शहर एका चौकटीत!

उंचावरून हवं असेल तर त्याच काठावर ट्रायँगल टॉवरची गच्ची आहे. तिथे कडेने काचा आहेत, म्हणून भिंग काचेला टेकवा आणि गडद रंगाचा शर्ट घाला, नाहीतर फोटोत तुम्हीच दिसाल.

आणि जूनमध्ये जाणार असाल तर जेवण आधी उरकून घ्या. सूर्य रात्री पावणेदहानंतर मावळतो आणि खरं काम साडेदहाच्या सुमारास संपतं.