रात्री आठला दिवा मालव

अगं, काल फोनवर तुझा आवाज भरून आला होता, ते रात्रभर मनात घोळत राहिलं. तुझा कॉकाटील आल्या आल्या किती गुणी होता, मुकाट खांद्यावर बसायचा. आता तीन महिन्यांनी तो बोटातून रक्त काढतो, जावईबापूंच्या अंगावर धावून जातो, सोफ्याखाली शिरला की बाहेर यायला तयार नसतो. "आत्या, आधीच्या घरी परत देऊ का?" असं विचारलंस. जरा थांब. तो बिघडलेला नाही, माजावर आलाय. गाईम्हशींबद्दल हा शब्द आपण सहज बोलतो, पक्ष्याबद्दल तोंडातून निघत नाही, पण गोष्ट तीच.

नव्या घरात आलेला पक्षी सुरुवातीला बिचकलेला असतो. ते गप्प बसणं आपल्याला गुणीपणा वाटतं. मग तो रुळतो, पोटाला भरपूर मिळतं, भीती जाते आणि शरीर जागं होतं. हे पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या मुलखातले. पाऊस पडून गवताला दाणा धरला की ते विणीला लागतात. तुझ्या हॉलमध्ये बाराही महिने सुगी आहे. वाटीत दाणा कायम, मालिका संपेपर्यंत रात्री अकराचा लख्ख उजेड, शिरायला अंधाऱ्या सांदी आणि दिवसभर गोंजारणारी तू. त्याने जोडीदार म्हणून तुला निवडलंय. जावईबापूंवर धावतो तो त्यासाठी.

सगळ्यात आधी उजेड आवर. संध्याकाळी आठला पिंजरा मागच्या खोलीत ने, सकाळी आठपर्यंत तिथे शांतता आणि अंधार असू दे. हॉलमध्येच ठेवून वर चादर टाकलीस तर टीव्हीचा आवाज कानावर पडतच राहतो, त्याने भागत नाही. एक मात्र सांभाळ. कॉकाटील रात्री दचकतात आणि मिट्ट काळोखात पिंजऱ्यात धडपडून पंख मोडून घेतात. म्हणून बाहेरच्या बोळात झिरोचा दिवा ठेव, दाराच्या फटीतून येईल तेवढाच उजेड पुरे.

मग तुझा हात. मांजराच्या पाठीवरून हात फिरवायची सवय आपल्या बोटांत मुरलेली असते. पक्ष्याची मान आणि डोकं एवढंच खाजवायचं. पाठ, पोट, पंखांखालची जागा, शेपटीचं मूळ इथे हात लागला की त्याला ते जोडीदाराचं बोलावणं वाटतं. ओठांतून घास भरवणं आजपासून बंद. तुझ्या तोंडातले जंतू त्याला सोसत नाहीत आणि तोंडाने भरवणं ही त्यांच्यात जोडप्याची खूण आहे. तो मान हलवत दाणा ओकून तुझ्यापुढे ठेवील, तेव्हा कौतुक करू नकोस, रागावूही नकोस, त्याला दांडीवर ठेवून आपल्या कामाला लाग.

सोफ्याखालची जागा पाट लावून बंद कर. कपाटामागची फट, उघडा खण, रिकामा खोका, पिंजऱ्यातला कापडी झोपाळा, सगळं आवर. रानात ते झाडाच्या ढोलीत घरटं करतात, त्यामुळे अंधारी बोळकांडी दिसली की त्यांना तिथे बिऱ्हाड मांडावंसं वाटतं. आरसा काढ. आणि ती चकचकीत स्टीलची वाटीही काढ! तो तिच्यापुढेच शीळ घालतो ना? त्याला तिच्यात दुसरा पक्षी दिसतो. चिनी मातीची वाटी दे. दांड्यांच्या जागा दर आठवड्याला बदल.

खाण्यात सूर्यफूल आणि करडई कमी कर, त्यात तेल फार. गरम मऊ भात, मोड आलेले मूग काही आठवडे नकोत. पिलांना भरवायच्या दिवसांत तसलंच मऊ अन्न लागतं. राळा, शेवग्याचा पाला, कोथिंबीर दे. बाजरीचं अख्खं कणीस टांगलंस तर दाणा काढण्यात त्याचा तास जाईल. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन कर, साधारण ८० ते १०० ग्रॅमच्या आसपास असतं. आणि तो घरात असेपर्यंत नॉनस्टिकचा तवा तापवू नकोस. जास्त तापला की त्यातून निघणाऱ्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतात.

तुरा मागे चिकटवून फिस्कारला की हात पुढे करायचा नाही. चावलाच तर ओरडू नकोस, झटकू नकोस. तुझ्या ओरडण्याची त्याला गंमत वाटते. हे आठवडे त्याला खांद्यावरही घेऊ नकोस, चोचीजवळ डोळा येतो.

आता जे सांगते ते नीट ऐक. तुझा पांढरा आहे, तेव्हा नर की मादी हे नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही. शीळ घालतो, ऐटीत चालतो म्हणजे नरच असावा, पण उद्या अंडं दिसलं तर उचलू नकोस. माझ्या पहिल्या मादीचं अंडं दिसलं की मी उचलून टाकत गेले. मला वाटायचं, त्याने ती थांबेल. कॉकाटीलच्या माद्या एकाआड एक दिवस चार ते सहा अंडी देतात आणि उबवायला बसतात. अंडी नाहीशी झाली की पुन्हा घालत राहतात. माझ्या मादीचं अकरावं अंडं पोटातच अडकलं. पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून, शेपटी वरखाली करत बसली होती, मला ते थंडीने वाटलं. सकाळी ती गेलेली होती. अंड्याच्या कवचाला तिने हाडातलं कॅल्शियम संपवलं होतं. हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं.

म्हणून तुझी मादी निघाली तर अंडी तिच्याकडेच राहू दे. तीन आठवड्यांनी ती स्वतःहून सोडते. घरात नर असेल तर अंडी उकडून, गार करून परत ठेव. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेन मिळतं, कॅल्शियमसाठी ते पिंजऱ्याला बांध. सकाळचं कोवळं ऊन काचेतून न देता उघड्या गॅलरीत दे, पण पिंजऱ्याच्या अर्ध्या भागावर सावली हवी. तळाशी बसून कुंथताना दिसली की तेल-तुपाचे उपाय करत बसू नकोस, उबेत गुंडाळून ताबडतोब डॉक्टरकडे ने. सगळे जनावरांचे डॉक्टर पक्षी बघत नाहीत. बघणारा कोण, ते आजच विचारून ठेव.

आणि "हा नको, त्यापेक्षा आपला हिरवा पोपट आणून देतो" असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हण. १९७२च्या वन्यजीव कायद्याने देशी पोपट पाळणं गुन्हा आहे, आणि ती पिलं ढोलीतून ओरबाडून आणलेली असतात.

परत देण्याचं महिनाभर तरी मनात आणू नकोस. हा पक्षी पंधरा-वीस वर्षं जगतो आणि एक घर त्याचं आधीच सुटलंय. आज आठला त्याला मागच्या खोलीत ने आणि उद्या सकाळी मला फोन कर.