तिसऱ्या भोकात काय आहे?

दादरला मावशीच्या फ्रिजच्या हँडलला कायम एक फडकं गुंडाळलेलं असायचं. हात ओला असला की झिणझिण्या येतात, म्हणून. इमारत साठ वर्षांपूर्वीची. मध्यंतरी रंगकाम काढलं तेव्हा जुनी टू-पिन सॉकेटं काढून थ्री-पिन बसवली गेली. भिंतीतल्या वायरी मात्र त्याच, दोनच. वॉशिंग मशिनचा बोर्ड उघडल्यावर तिसऱ्या पिनेचं रहस्य कळलं. न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटाच्या पेराएवढा वायरचा काळा तुकडा. कुणीतरी 'अर्थिंग करून दिलं' होतं.

हा तुकडा अर्थिंग नसण्यापेक्षाही वाईट. मागे कुठे न्यूट्रल सुटला, तर मशिनच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात. बाजारात मिळणारा प्लग-टेस्टरही इथे फसतो, सगळं ठीक असल्याचे दिवे लावतो. म्हणून वायरमनला सांगा, मेन बंद करून बोर्ड उघडून दाखव आणि असा तुकडा असला तर काढ. हिरवी वायर नुसती सॉकेटमागे असून भागत नाही, ती मीटरजवळच्या अर्थच्या पट्टीपर्यंत पोचायला हवी. नळाच्या पाइपला जोडलेली अर्थही तोडायला लावा. वरच्या मजल्याने पाइप बदलून प्लास्टिकचा केला, की तुमचा नळच करंट मारू शकतो.

'आमच्याकडे एमसीबी आहे' हे उत्तर नेहमी मिळतं. एमसीबी लोड वाढला किंवा शॉर्टसर्किट झालं तर पडतो. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या हिशेबी काहीच नाही. पण जीव जायला तेवढा पुरतो. तो ओळखतो आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट तो ताडून बघतो. फरक ३० मिलीअँपिअरपर्यंत गेला की क्षणात पुरवठा तोडतो. अर्थची वायर नसली तरी तो काम करतो, फक्त अशा वेळी तो पडण्याआधी झटका तुम्हाला बसलेला असतो.

तरीही पैसे मोजकेच असतील तर आधी आरसीसीबी घ्या, असं माझं मत. दोन पोलचा, ३० मिलीअँपिअरचा, आयएसआय खुणेचा साधारण दीड ते तीन हजारांना मिळतो. बसवायची मजुरी पाचशे-हजार. एमसीबी काढायचा नाही, दोन्ही लागतात. जुन्या घरात आरसीसीबी अनेकदा लावताक्षणी पडत राहतो, कारण कुठेतरी शेजारच्या खोलीचा न्यूट्रल आपल्यात मिसळलेला असतो किंवा गीझरच्या कॉइलमधून करंट गळत असतो. तो दोष शोधण्यात वायरमनचा अख्खा दिवस जातो. त्याचे पैसे वेगळे धरा. 'सारखा पडतो' म्हणून आरसीसीबीच बायपास करणारे महाभाग मी पाहिले आहेत.

मग अर्थची वायर. गीझर, वॉशिंग मशिन, फ्रिज हे तीन पॉइंट आधी. तळमजल्यावर मीटरच्या खोलीत अर्थची पट्टी असेल, तर तिथून हिरवी वायर पीव्हीसी पट्टीतून वर आणायला मजल्यांनुसार पाच ते दहा हजार लागतात. अर्थची पट्टीच नसेल तर अंगणात अर्थिंगचा खड्डा घ्यावा लागतो. हा खर्च सोसायटीने मिळून करायचा. एका खड्ड्याला सहा ते पंधरा हजार. कोळसा-मिठाचा खड्डा स्वस्त पडतो, पण एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी ओतायची आठवण कुणीतरी ठेवायला हवी. ती राहणार नसेल तर केमिकल अर्थिंगचे जास्तीचे पैसे द्या.

लाकडी पट्टीतली रबर-कापडी वेष्टनाची वायर वाकवल्यावर भुगा होत असेल, तर ठिगळं लावू नका. संपूर्ण वायरिंगच बदला. वन बीएचकेला साधारण पन्नास ते नव्वद हजार; त्यात भिंत फोडली तर प्लास्टर आणि रंगाचा खर्च वेगळा. हे सगळे आकडे मुंबई-पुण्याचे, तेही ढोबळ. तांब्याचा भाव चढला की वायरचाही चढतो, म्हणून अंदाजपत्रक लेखी घ्या आणि वायरची जाडी त्यात लिहून घ्या.

काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी खड्ड्याच्या अर्थ-रेझिस्टन्सचं मोजमाप ओहममध्ये लिहून मागा, आणि त्याच्यासमोर आरसीसीबीवरचं 'टी' लिहिलेलं बटण दाबून बघा. पंखा थांबला पाहिजे.