ठिकाण यंत्राला कसे सांगावे

गावाचे नाव माणसाला पुरते, यंत्राला पुरत नाही. पलसाणा म्हटले की आपणांस सुरत जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आणि त्याजवळून जाणारा महामार्ग आठवतो. परंतु याच नावाचे एक गाव राजस्थानात सीकर जिल्ह्यातही आहे. खानदेशाकडील मंडळींना तर हा अनुभव जुनाच आहे. जळगाव जिल्ह्यात पिंपळगाव हरेश्वर, नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत, आणि नुसत्या पिंपळगावांची तर गणतीच नाही. माणूस ‘कोणते पिंपळगाव?’ असे विचारून घेतो. यंत्र विचारीलच असे नाही. ते तर्काने एक गाव निवडते आणि तिकडची वाट दाखवू लागते. वऱ्हाड चुकले तर मुहूर्त टळेल एवढेच. रुग्णवाहिका चुकली तर काय होईल, हे सांगावयास नको.

ही अडचण टपाल खात्यास फार पूर्वी जाणवली. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या भाषांत लिहिलेले पत्ते, यांतून मार्ग काढण्यासाठी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने, जे संस्कृतचे कवीही होते, सहा अंकी पिनकोडाची योजना आखली. ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. गुजरात व राजस्थान या दोहोंचा पहिला अंक ३ आहे. पण आपला पलसाणा ३९४ ने सुरू होतो आणि सीकरकडचा ३३२ ने. पत्र बरोबर जाते. मात्र पिनकोड टपाल कचेरीपर्यंत नेतो, दारापर्यंत नेत नाही. एका पिनकोडात अनेक गावे येतात.

दारापर्यंत नेणारे साधन म्हणजे शाळेत शिकलेले अक्षांश व रेखांश. पलसाणा सुमारे २१.०८ उत्तर अक्षांश व ७२.९८ पूर्व रेखांशावर आहे. या जोडीचे दुसरे गाव पृथ्वीवर नाही. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो. म्हणून दशांश चिन्हापुढे दोन स्थळे लिहिली तर जागा सुमारे एक किलोमीटरपर्यंत कळते, चार लिहिली तर सुमारे ११ मीटरपर्यंत. गावासाठी दोन पुरेत; इमारतीच्या दारासाठी चार-पाच हवीत.

आता हे आकडे संगणकाच्या महाजालावरील पानात कसे घालावयाचे? पान वाचणारे दोन असतात, माणूस आणि यंत्र. माणसासाठी आपण ‘बसथांब्यासमोर, पलसाणा’ असे लिहितो. यंत्रासाठी त्याच पानात एक न दिसणारी चिठ्ठी ठेवावयाची. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात, तसे येथे प्रत्येक आकड्यावर नाव घालावे लागते: हा ‘लॅटिट्यूड’, म्हणजे अक्षांश, हा ‘लाँगिट्यूड’, म्हणजे रेखांश. ही नावे सर्वांनी एकसारखी वापरावीत यासाठी गूगल, मायक्रोसॉफ्ट व याहू यांनी २०११ साली ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ हा सामाईक शब्दसंग्रह सुरू केला. त्यात ठिकाण, त्याचे नाव, पत्ता व अक्षांश-रेखांश यांस ठरीव शब्द आहेत. चिठ्ठी नीट असली की शोधयंत्र ती वाचते आणि संस्थेची जागा ओळखणे त्यास सोपे जाते.

चिठ्ठी लिहिताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

(१) क्रम. नकाशाच्या शोधपेटीत बहुधा अक्षांश आधी लिहितात. पण ‘जिओजेसॉन’ व ‘केएमएल’ या नकाशाच्या फायलींत रेखांश आधी असतो. क्रम उलटला तर आपला पलसाणा थेट नॉर्वेच्या उत्तरेस, आर्क्टिक समुद्रात जाऊन पडतो.

(२) कला व दशांश. २१ अंश ५ कला म्हणजे २१.०५ नव्हे. एका अंशाच्या ६० कला. म्हणून ५ भागिले ६०, अर्थात २१.०८३. ही एक गफलत साडेतीन किलोमीटरांहून अधिक अंतराची आहे.

(३) अंक. माणसासाठी देवनागरी अंक शोभतात. यंत्राच्या चिठ्ठीत इंग्रजी अंकच लिहावेत.

(४) पडताळा. लिहिलेले आकडे स्वतः नकाशात घालून पाहावेत. टाचणी आपल्याच दारावर पडली, तरच पान प्रसिद्ध करावे.

याचा खरा लाभ एका टाचणीत नाही, अनेक टाचण्यांत आहे. तालुक्यातील दवाखाने, शाळा, रक्तपेढ्या यांच्या पानांवर अशा चिठ्ठ्या असतील, तर एक लहानसा संगणकीय कार्यक्रम त्या गोळा करून एका नकाशावर मांडू शकतो. मग जे यादीत दिसत नव्हते ते डोळ्यांस दिसते: कोणत्या वस्तीपासून दवाखाना दूर आहे, कोठे शाळेसाठी मुलांना महामार्ग ओलांडावा लागतो. यासाठी २००४ साली इंग्लंडात सुरू झालेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा नकाशा सर्वांस खुला आहे. त्यात आपल्या गल्लीचे नाव आपणही भरू शकतो. टपाल खात्यानेही २०२५ साली ‘डिजिपिन’ आणला. तो अक्षांश-रेखांशांवरून काढलेला दहा अक्षरांचा संकेत असून सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचा चौकोन दाखवतो.

येथे कोणी विचारील, मग सर्व सभासदांच्या घरांचे आकडेही पानावर का देऊ नयेत? तसे मुळीच करू नये. यंत्राला वाचता येते ते चोरालाही वाचता येते. संस्थेचे कार्यालय, सभागृह, दवाखाना ही सार्वजनिक ठिकाणे होत. घर हे खाजगी आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे वा स्त्रियांचे पत्ते तर विशेष जपावेत. सेवेसाठी अशी यादी लागलीच, तर ती संमतीने करावी व कार्यालयाच्या कपाटातच ठेवावी.

आपल्या घरांतील शाळा-कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींना हे काम एका दुपारचे आहे. त्यांनी संस्थेच्या पानापासून आरंभ करावा आणि वडीलधाऱ्यांनी शेजारी बसून जागा बरोबर आहे की नाही ते पाहावे. खानदेशातून उधन्यास उतरणारा नवा माणूस आपल्या दाराशी न चुकता पोहोचला, तर श्रमांचे चीज झाले असे समजावे.