ट्रंक आणली, किल्ली घरीच!

मित्रांनो, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या. मागच्या सेमिस्टरला रूममेटच्या लॅपटॉपवरून एक सॉफ्टवेअर माझ्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर इन्स्टॉल केलं. सबमिशनच्या आदल्या रात्री ती गावी गेलेली. डिस्क शेजारच्या पीसीला लावली, तर प्रोग्रॅम सुरूच होईना! फाइल्स तर सगळ्या होत्या. मग अडलं कुठे?

विंडोजमध्ये इन्स्टॉल करताना प्रोग्रॅमचा फोल्डर आपल्या डिस्कवर जातो. पण रजिस्ट्रीतल्या नोंदी, बऱ्याच सेटिंग्ज आणि कधीकधी काही डीएलएल फाइल्स त्या कॉम्प्युटरवरच राहतात. म्हणजे ट्रंक आणली, किल्ली घरीच!

उपाय दोन. पहिला, पोर्टेबल आवृत्ती वापरा. लिब्रेऑफिस, नोटपॅड प्लस प्लस यांच्या अशा आवृत्त्या मिळतात. त्या सेटिंग्ज स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवतात. दुसरा, डिस्कवर अख्खं उबंटू टाका आणि बूट मेनूतून यूएसबी निवडा. मात्र आधी डिस्कवरचा डेटा दुसरीकडे काढा, आणि बूटलोडर आपल्याच डिस्कवर जातोय ना, ते नीट बघा. नाहीतर डिस्क काढल्यावर मालकाचा पीसी अडून बसायचा!

वेगासाठी यूएसबी ३.० पोर्ट शोधा. कागदावर त्याचा वेग सेकंदाला ५ गिगाबिट, तर २.० चा ४८० मेगाबिट. आणि डिस्क 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय ओढू नका.

शेवटचं, सांगलीनं २०१९ चा महापूर पाहिलाय. प्रोजेक्टची एकच कॉपी, तीही एकाच डिस्कवर, हा बॅकअप नव्हे. दुसरी कॉपी आजच करा!