मागणी वाढली, पण माप कोणाच्या हाती?
(अल्पभूधारक पशुपालकांच्या संधीविषयी थोडे चिंतन)

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी एंगेलचा नियम शिकविला, त्या दिवसाची गोष्ट. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली कामगार कुटुंबांच्या जमाखर्चावरून असे दाखविले की, उत्पन्न वाढू लागले म्हणजे अन्नावरील खर्चाचे एकूण खर्चाशी असलेले प्रमाण घटत जाते. पुढील अभ्यासकांनी त्यात भर घातली : अन्नाच्या ताटातही बदल होतो, भाकरी-भाताचा वाटा कमी होतो आणि दूध, अंडी, मांस, मासे यांचा वाटा वाढतो. सर शेवटी म्हणाले, "म्हणजे ज्यांच्या दावणीला जनावर आहे, त्यांना चांगले दिवस यायला हवेत." वर्गात मी गप्प बसले, पण मनात आमच्या घरची दुधाची वही उघडली गेली. आमच्या दावणीला एक संकरित गाय आहे, तीन शेळ्या आहेत. मग चांगले दिवस नेमके कोठे अडले? या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

मागणी वाढली यात शंका नाही. १९५०-५१ साली भारतात सुमारे १ कोटी ७० लाख टन दूध निघत होते. २०२३-२४ मध्ये हा आकडा सुमारे २३ कोटी ९० लाख टनांवर गेला. लोकसंख्या या काळात सुमारे चौपट झाली, दूध मात्र चौदापट झाले. २०२३-२४ मध्ये माणशी दररोज ४७१ ग्रॅम दूध उपलब्ध होते, असे सरकारी आकडेवारी सांगते. अंड्यांचे उत्पादन त्याच वर्षी सुमारे १४,२७७ कोटी झाले. म्हणजे माणशी वर्षाला १०३ अंडी. घरखर्चाच्या सरकारी पाहणीतही हेच दिसते. १९९९-२००० साली ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात धान्याचा वाटा सुमारे २२ टक्के होता. २०२२-२३ मध्ये तो ५ टक्क्यांच्या आत आला आणि दुधाचा वाटा ८ टक्क्यांच्या वर होता. खेड्यातील कुटुंबही आज धान्यापेक्षा दुधावर अधिक खर्च करते! एंगेलचा नियम आपल्या चुलीपर्यंत येऊन पोहोचला आहे.

आता दुसरी बाजू. या मागणीचा लाभ लहान शेतकऱ्याला व्हावा, अशी परिस्थिती वरकरणी आहे. जमीन थोड्यांच्या हाती अधिक असते; जनावरांचे तसे नाही. ज्याला एकरभरही रान नाही, तोही दोन शेळ्या बांधतो. जनावर कडबा, भुसकट, बांधावरचे गवत खाते, म्हणजे ज्याला बाजारात फारशी किंमत नाही त्याचे दूध करते. घरातील बायका, म्हातारी माणसे, शाळेतून आलेली मुले यांचे श्रम त्यात खपतात. शिवाय पीक वर्षातून एकदा-दोनदा पैसा देते, दूध मात्र दर दहा दिवसांनी देते. आमच्या माणदेशासारख्या अवर्षणी मुलखात तर पीक जाते आणि जनावर राहते. माझी परीक्षा-फी आजवर ज्वारीने भरली नाही, ती गाईने भरली.

पण मागणी वाढली म्हणजे संधी मिळालीच, असे म्हणता येणार नाही. कोंबडीचे उदाहरण घेऊ. पूर्वी खेड्यात घरोघरी पाचदहा कोंबड्या असत. १९७१ साली बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केली आणि या धंद्याला आधुनिक वळण लागले. अंडी-चिकन सामान्य माणसाला परवडू लागले, हा लाभ थोडा नव्हे. परंतु धंदा परसातून उठून हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये गेला. आज अनेक शेतकरी करार पद्धतीने मांसल कोंबड्या पाळतात : पिल्ले, खाद्य, औषधे कंपनीची, शेड आणि श्रम शेतकऱ्याचे. त्याला मिळते ती संगोपनाची मजुरी. मागणी तीच, परंतु परसातील कोंबडीवालीच्या वाट्याला ती आली नाही.

दुधाच्या बाबतीत मात्र लहान उत्पादक टिकला. याचे कारण शोधताना १९४६ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वेळी गुजरातच्या खेडा जिल्ह्यातून मुंबईला दूध जात असे आणि ते गोळा करण्याचा मक्ता पोल्सन या एकाच खासगी डेअरीकडे होता. मुंबईत गिऱ्हाईक होते, मागणी होती. परंतु गवळ्याच्या हाती पडे ते मक्तेदार देईल तेवढेच. वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्याने शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घालणे बंद केले आणि त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली स्वतःचा सहकारी संघ उभारला. १४ डिसेंबर १९४६ रोजी त्याची नोंदणी झाली. पुढे व्हर्गीस कुरियन तेथे आले. १९५५ मध्ये म्हशीच्या दुधाची भुकटी करण्याची व्यवस्था झाली आणि हिवाळ्यातील जादा दूध वाया जाण्याचे टळले. याच नमुन्यावर १९७० साली 'दूध महापूर' योजना सुरू झाली; ती तीन टप्प्यांत १९९६ पर्यंत चालली. या सर्व इतिहासाचा मथितार्थ मला एकच दिसतो : शेतकऱ्यांनी दुधाबरोबर दुधाचे माप, प्रक्रिया आणि विक्रीही आपल्या हाती घेतली.

हे 'माप' एवढे महत्त्वाचे का, हे पुस्तकातून मला कळले नव्हते. ते आमच्या वहीतून कळले. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे प्रमाण धरून ठरतो. फॅट त्याखाली गेले की दर उतरतो. समजा, गाय रोज दहा लिटर देते आणि दर ३० रुपये आहे. दहा दिवसांचे ३,००० रुपये झाले. त्यातून रोजचा चार किलो खुराक, ३२ रुपयांप्रमाणे १,२८० रुपये. हिरवी-वाळकी वैरण ९०० रुपये. औषधपाणी, रेतन वगैरे १५० रुपये. खर्च २,३३० रुपये. हाती उरले ६७० रुपये, म्हणजे दिवसाला ६७. पहाटे पाचपासून शेणघाण, वैरण, धारा करणाऱ्या आईची मजुरी यात धरलेली नाही. गाय भाकड असते त्या दोन महिन्यांचा खर्चही नाही. २०२० च्या टाळेबंदीत दर वीस रुपयांच्या आसपास आला, तेव्हा हे ६७ रुपयेही नव्हते. पण गाईला टाळेबंदी नसते. ती दोन्ही वेळा खाते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक प्रयोग केला. एकाच बादलीतील दूध नीट ढवळून दोन किटल्यांत ओतले. एक आईच्या नावावर घातली, दुसरी शेजारच्या काकूंच्या. आमच्या चिठ्ठीवर फॅट ३.२ आले, काकूंच्या ३.५! दूध तेच, गाय तीच, यंत्र तेच. यात कोणाची लबाडी होती, असे मी म्हणत नाही. नमुना घेताना दूध ढवळले नाही, नळी धुतली नाही, यंत्राची तपासणी राहिली, तरी असे होऊ शकते. पण लिटरमागे जवळजवळ एक रुपया गेला. दहा दिवसांचे शंभर रुपये. उरणाऱ्या ६७० रुपयांतला हा जवळजवळ सातवा हिस्सा! मी विचारायला निघाले, तेव्हा आईने मला थांबविले. म्हणाली, "उद्या त्यानं दूध घेतलं न्हाई, तर वतायचं कुठं?"

माझ्या मते नाशवंत मालाचे सारे अर्थशास्त्र या एका वाक्यात आहे. ज्वारीवाला आठवडाभर थांबू शकतो. दूधवाली दुपारपर्यंत थांबू शकत नाही. ज्याला थांबता येत नाही, त्याला वाद घालता येत नाही. आज महाराष्ट्रात खासगी डेअऱ्यांचा वाटा मोठा आहे, आणि सहकारी संस्थांतही सारे सभासद जागरूक असतात असे नाही. संस्थेच्या पाटीवर काय लिहिले आहे यापेक्षा आपल्यासमोर नमुना घेतला जातो का, हा प्रश्न मला मोलाचा वाटतो.

शेळीची गोष्ट वेगळी नाही. मटणाचा भाव शहरात किलोवर ठरतो. खेड्यात मात्र बोकड नजरेने विकला जातो. व्यापारी पाठीवर हात फिरवतो आणि आकडा सांगतो. त्याची नजर रोजची, आमची वर्षातून एकदाची. गेल्या आषाढात आमच्या बोकडाला ७,५०० रुपये सांगितले गेले. वडिलांनी शाळेतील ओळखीच्या शिक्षकांकडून लोंबता काटा आणला. बोकड २४ किलो भरला. काटा पाहून व्यापारी हसले, थोडे रागावलेही. पण सौदा ९,००० रुपयांना तुटला. बोकड तोच होता. फक्त त्याचे वजन दोघांनाही ठाऊक झाले होते.

एक आक्षेप मला मान्य आहे. घरातले सगळे दूध विकले तर घरच्या पोरांनी काय प्यायचे? दूध महापूर योजनेवरही १९८० च्या दशकात हा आक्षेप घेतला गेला होता. आमच्या घरी आई अर्धा लिटर बाजूला काढल्याशिवाय किटली उचलत नाही. परंतु दर पडला की पहिला घाला त्या अर्ध्या लिटरवर येतो. म्हणून रास्त माप हा केवळ उत्पन्नाचा प्रश्न नाही, तो धाकट्या भावाच्या पेल्याचाही प्रश्न आहे.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. दूध घालणाऱ्यासमोर नमुना घ्यावा, यंत्राची ठरावीक मुदतीने तपासणी व्हावी व तिची तारीख भिंतीवर लावावी, चिठ्ठी प्रत्येकाला मिळावी. शेळ्यांच्या बाजारात काटा असावा. खाते धार काढणाऱ्या बाईच्या नावावर असावे. आणि आपण विद्यार्थ्यांनी? आपल्यापैकी कितीतरी जणांचे शिक्षण दुधावर चालले आहे. निदान सुट्टीत घरी गेल्यावर आईच्या चिठ्ठ्या वाचाव्यात, दहा दिवसांचा हिशेब मांडून द्यावा.

त्या प्रयोगानंतर आईने चिठ्ठ्या चुलीत घालणे सोडले आहे. ती त्या तारेला टोचून ठेवते. परवा तिने काकूंसह गल्लीतील आणखी चौघींना घेऊन संकलन केंद्रावर जाऊन एवढेच म्हटले, "आधी ढवळा, मग नमुना घ्या." पाचजणींचे दूध एकदम नाकारणे कोणालाच परवडणारे नव्हते. नमुना ढवळून घेतला गेला. सरांनी सांगितलेले चांगले दिवस आमच्या दावणीपर्यंत यायचेच असतील, तर मला वाटते, ते याच वाटेने येतील.