भोपळ्याचे बी धरताना

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. परसातील वेलाला आलेल्या तांबड्या भोपळ्याचे बी पुढील पावसाळ्याकरिता राखून ठेवण्याचा तुझा मनोदय वाचून अतिशय समाधान वाटले. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, ती गावठी बियाण्यांच्या अशाच जतनाकरिता. तेव्हा हे काम क्षुल्लक मानून त्यात हयगय करू नकोस.

सर्वप्रथम बियाच्या कुलशीलाची खातरजमा कर. भोपळ्याच्या एकाच वेलावर नरफुले व मादीफुले निरनिराळी येतात, आणि मादीफुलाच्या पाकळ्यांखाली इवलासा भोपळा आधीच धरलेला असतो. परागांची ने-आण मधमाश्या करितात, आणि त्यांना तुझ्या कुंपणाची हद्द ठाऊक नसते. शेजारच्या मळ्यात त्याच जातीचा पण दुसऱ्या वाणाचा वेल असल्यास संकर होतो, परंतु त्याची खूण चालू फळात बिलकूल दिसत नाही, ती पुढील पिढीत प्रकट होते. आणि म्हणूनच गोड भोपळ्याचे बी लावूनही फळे बेचव निघाल्याची तक्रार पुष्कळांच्या तोंडी असते. (जवळ दुधी असला तरी भय नाही, त्याचे गोत्र निराळे.) निर्भेळ वाण हवा असेल, तर दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या नर व मादी कळ्या आदल्या सायंकाळी दोऱ्याने बांधून ठेवाव्या, सकाळी नरफुलाच्या पाकळ्या काढून त्याचा पराग मादीफुलाच्या मध्यभागी हलक्या हाताने लावावा, ते फूल पुन्हा बांधावे आणि देठाला चिंधीची खूण करावी. विकतच्या संकरित बियाण्याच्या वेलाचे बी धरू नये. कडू निघालेल्या फळाचे तर मुळीच नाही, आणि ते फळ खाऊही नये.

फळ वेलावरच जून होऊ दे. देठ वाळलेला असावा, सालीत नख रुतू नये. आणि उतरविल्यावरही फळ तीन-चार आठवडे कोरड्या जागी तसेच ठेवावे, कारण त्या मुदतीत बी आतल्या आत भरत राहते. मग बी पाण्यात चोळून गर व तंतू निःशेष काढावेत.

वाळविताना मात्र घाईइतका दुसरा वैरी नाही. तापलेल्या पत्र्यावर किंवा चुलीच्या धगीपाशी बी पसरण्याचा मोह निग्रहाने टाळ. 35 अंशांपलीकडची उष्णता अंकुराला बाधते. सुपात किंवा सुती कापडावर एकेरी थर करून वारा खेळणाऱ्या सावलीत ठेवावे, दिवसातून दोनदा हाताने परतावे, रात्री घरात घ्यावे. कागदावर ओले बी चिकटते, म्हणून तो नको. बी वाकवून पाहावे: कट्कन मोडले तर वाळले, नुसते लवले तर ओल शिल्लक आहे.

असे बी घट्ट झाकणाच्या बरणीत, वाण व तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह, थंड व कोरड्या जागी ठेविल्यास चार वर्षे सहज टिकते.

पेरणीपूर्वी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेव. आठवडाभरात सात-आठ मोडावल्या, तर बियाणे लावण्याजोगे समजावे. बाकीच्यांतले मूठभर बी मला अगत्याने धाडून दे. इकडे गावठी तांबड्या भोपळ्याचा वेल आता कोणाच्याही परसात उरलेला नाही.

कळावे, हे आशीर्वाद.
तुझा काका